कुसाबाईचा पिवळा मळा

देवराम गुरवानं कुसाबाईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती देवळाच्या दीपमाळेपेक्षा हातभर उंच होती. निदान देवराम तरी तसंच सांगायचा. तिच्या हातात गदा होती, डोळ्यांतून ठिणग्या पडत होत्या, आणि पायरीवर पाय ठेवून तिनं जी आरोळी ठोकली, तिच्यामुळं पिंपळावरचे कावळे उडाले ते निफाडच्या अलीकडं कुठं टेकलेच नाहीत. खंडोबाचा दगडी घोडा दोन पावलं मागं सरला. "दगडी घोडा कसा सरेल रे?" असं कुणी विचारलं तर देवराम म्हणायचा, "म्हणून तर सांगतोय!"

वस्तुस्थिती अशी, की कुसाबाई ठेंगणी होती. भरलेली घागर आणि ती शेजारी शेजारी ठेवली तर घागर थोडी भारदस्त वाटावी, एवढीच. गदा म्हणजे मुळासकट उपटलेलं वांग्याचं झाड. देवराम त्याच आठवड्यात, निपुत्रिक चुलता वारल्यामुळं, वडाळपिंप्रीला गुरवकी करायला आला होता. नाशिकहून सकाळी बैलगाडीनं निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचावं, एवढ्या अंतरावरचं हे गाव. तिथं ना त्याची कुणाशी ओळख, ना भांडण. आणि कुसाबाईचंही भांडण त्याच्याशी नव्हतंच. ती थेट देवाशी भांडायला आली होती.

"बघ," ती गाभाऱ्याकडं झाड रोखून म्हणाली. "डोळं उघडून बघ. तुझ्याच तुकड्यातलं हे. वरून रोप सुकतंय आन् खाली मुळाला ह्या गाठी! माझ्या सासूच्या बोटांना संधिवातानं आल्या व्हत्या तशा. तुला भरीत खायचं का नाय, ते एकदाच सांग."

देवरामला वाटलं, बाईच्या अंगात आलं. चुलत्यानं शिकवलं होतं तसा त्यानं मूठभर भंडारा घेतला आणि तिच्या कपाळाला फासला.

"मेल्या, मला काय झालंय?" कुसाबाई कडाडली. "झाडाला लाव!"

देवरामनं मुकाट्यानं झाडाला भंडारा लावला. तिथून पुढं आयुष्यभर, कुसाबाई सांगेल ते करायचं आणि मग आपण काय केलं याचा विचार करायचा, अशी त्याची रीत पडली.

ही गोष्ट सदतीस सालच्या दसऱ्याआधीची. ती कळायला वडाळपिंप्रीचा मान कळला पाहिजे. चातुर्मासात गावात वांगं कुणी तोंडात घालत नसे. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच गावानं वांगं खायचं. या नैवेद्याची वांगी येत ती कुसाबाईच्या मळ्यातून. त्यातही कुठूनही चालत नसत. विहिरीलगतच्या एका तुकड्यात म्हणे खंडोबा एकदा घोडा पाजायला उतरला होता. त्या तुकड्यातलंच वांगं देवाला लागे. म्हणून कुसाबाईच्या आजेसासऱ्यानं तिथं वांगी लावली, सासऱ्यानं लावली, नवऱ्यानं, पुंजानं लावली, आणि नवरा गेल्यावर तीही लावत होती. वांग्यावर वांगं, वांग्यावर वांगं. देव उतरलेल्या जागी ज्वारी पेरायचं पाप करणार कोण?

चंपाषष्ठीला कुसाबाई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन निघाली की पुढं संबळ वाजे, आणि पाटलापासून सगळे बाजूला होऊन वाट देत. वर्षातला तो एक दिवस. बाकीच्या दिवसांत ती गावाच्या लेखी 'पुंजाची रांडाव' होती आणि कुणाच्याही शुभकार्यात तिनं मागं उभं राहायचं होतं. त्या एका दिवशी मात्र गाव मागं आणि ती पुढं. म्हणून त्या तुकड्यातली मुळं सडत चालली, तेव्हा तिच्या दृष्टीनं नुसती वांगी जात नव्हती.

त्या वर्षीची पाटी काही भरली नाही. होती ती वांगीही अशी, की दोन भाजून सोलली तर देठच जास्त निघावेत. गावाच्या वाट्याला भरीत आलं ते बोटाला लावून चाटण्यापुरतं. सावळीराम पाटलानं चारचौघांत ते बोट वर करून दाखवलं.

सावळीराम हा कुसाबाईचा चुलतदीर. दोघांच्या मळ्यांमध्ये एक बांध होता आणि त्या बांधाइतकं कशावरच दोघांचं प्रेम नव्हतं. सावळीरामच्या वडिलांना म्हणे स्वप्न पडलं होतं, की खंडोबा घोड्यावरून उतरला तो बांधाच्या अलीकडं, म्हणजे सावळीरामच्या बाजूला. पलीकडं नुसता घोडा चरायला गेला होता. हे स्वप्न पन्नास वर्षं घरात दाबून ठेवलेलं होतं. आता ते बाहेर निघालं.

"वहिनी," तो देवळात पंचांसमोर म्हणाला, "बाईमाणसाला किती तरास? पुढल्या साली अशीच पाटी आली, तर मान आमच्याकडं येऊ द्या."

"येऊ द्या ना," कुसाबाई म्हणाली. "पण भाऊजी, तुमच्या घरात मान ठिवायला जागा हाय का? सगळीकडं तुमचंच नाक हाय."

पंच हसले, पण ठराव झाला. पुढल्या चंपाषष्ठीला पाटी भरली नाही, तर मान सावळीरामकडं.

त्या हिवाळ्यात शेतकी खात्याचे एक साहेब द्राक्षांच्या बागा पाहायला निफाडकडं निघाले होते. कुसाबाईनं त्यांचा टांगा अडवला. साहेब भला माणूस. त्यांनी मूळ चिरलं, भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, की या गाठींत डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत असतात, ते मातीतून मुळात शिरतात. एकाच जागी तेच पीक लावलं की त्यांचं फावतं. इथं दोन-तीन वर्षं वांगं लावू नका, ज्वारी घ्या.

"आन् तवर खंडोबाला काय घालू? ज्वारीचं भरीत?"

साहेबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "पालापाचोळा जमिनीवर जाड पसरून कुजू दिला की हे जंत कमी होतात, असं अलीकडं काही ठिकाणी आढळलंय म्हणतात. मी स्वतः पाहिलेलं नाही. खात्री देत नाही."

"नका देऊ," कुसाबाई म्हणाली. "खात्री माझी मी करते."

पण पालापाचोळा आणायचा कुठून? हा प्रश्न शहरातल्या माणसाला कळायचा नाही. वडाळपिंप्रीत फुकट पडलेलं असं काही नसे. कडबा जनावरांचा, उसाचं पाचट गुऱ्हाळाच्या चुलवणाचं, शेणाच्या गोवऱ्या, आणि तुरीच्या काटक्यांवर तर शेजारणी एकमेकींच्या झिंज्या धरत. कडुनिंबाचा पाला तेवढा मोकळा होता. तो कुसाबाईनं गावभरच्या झाडांखालून झाडून आणला, तर तुकड्याचा एक कोपरा जेमतेम झाकला.

इथं देवरामच्या पापाला वाचा फुटली. गुरवाचं एक काम असं, की देवाच्या अंगावरून उतरलेली फुलं, माळा, बेल, असं सगळं निर्माल्य नेऊन नदीत सोडायचं. त्याच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. नदी लांब होती आणि येताना चढ होता. देवराम भाविक होता, पण त्याची भक्ती सपाट जमिनीवरची. त्यानं आल्या आठवड्यातच देवळामागं, भिंतीआडच्या खबदाडात निर्माल्य टाकायला सुरुवात केली होती. खंडोबाला वाहतात झेंडू. तेव्हा तिथं बघता बघता झेंडूचा डोंगर झाला.

फाल्गुनात एका दुपारी देवराम पिंपळाखाली लवंडला असताना देवळामागून हाक आली, "गुरवा!"

तो धावला. कुसाबाई ढिगाऱ्याच्या कडेला उभी होती आणि ढिगाऱ्यात एक हिरवंगार, रुंद पानांचं वांग्याचं झाड उभं होतं. चंपाषष्ठीच्या पाटीतलं एक जून, पिवळं पडलेलं वांगं देवरामनं निर्माल्याबरोबरच इथं लोटलं होतं, त्यातलं बी रुजलेलं.

"हे काय हे?"

"वांग्याचं झाड, मावशी."

"ते दिसतंय. खाली काय हे?"

"माती."

"आसं? ह्या मातीला झेंडूचा वास कसा येतो रे?"

देवराम हात जोडून खालीच बसला. "मावशी, पाया पडतो. पंचांना कळलं तर मला हाकलून देतील."

कुसाबाईचं लक्षच नव्हतं. तिनं झाड उपटलं आणि मुळं झटकली. पांढरी, मोकळी, तान्ह्या बाळाच्या जावळासारखी मुळं. एक गाठ नाही. बाई कितीतरी वेळ ती मुळं बोटांतून फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला नदी लांब पडती का?"

"लय लांब, मावशी."

"माझा मळा जवळ हाय."

आणि देवरामच्या आयुष्यातला सुखाचा काळ सुरू झाला. रोजचं निर्माल्य मळ्यात जाऊ लागलं. बेल, झेंडू, तगर, कण्हेर, वर भंडाऱ्याची हळद. कुसाबाईनं खबदाडातला जुना डोंगरही वाहून नेला. एवढ्यानं भागेना, म्हणून आसपासच्या गावांतल्या गुरवांकडं तिनं निरोप धाडले. असं निघालं, की नदी सगळ्याच गुरवांना लांब पडत होती. तुकड्यावर कडुनिंबाचा पाला आणि निर्माल्य यांचा वीतभर जाड थर बसला. जेठात तो अर्धा कुजला, तो तिनं मातीत मिसळला. श्रावणात त्याच मातीत वाढवलेली रोपं लावली आणि त्यांच्या बुडाशी पुन्हा ताजा थर दिला. मळा लांबून बघावा तर पिवळाधमक. वाटेनं जाणारे परगावचे लोक हळदीचा वास येताच चपला काढून वांग्यांना नमस्कार करू लागले.

सावळीरामनंही तयारी केली होती. मान घ्यायचा तर वाणही तोच पाहिजे, म्हणून त्यानं कुसाबाईच्या जुन्या वाफ्यातलीच रोपं मागून नेली.

"न्या की," कुसाबाई म्हणाली. "पण मुळं धुऊन बघा, भाऊजी. त्या वाफ्यात गाठी हायेत."

"मुळं खायची हायेत का मला?" सावळीराम म्हणाला. त्याला वाटलं, बाई रोपं द्यायची नाही म्हणून भिववते. त्यानं ती आपल्या आरशासारख्या चकचकीत निंदलेल्या वाफ्यात लावली. त्यांच्याबरोबर जंतही बांध ओलांडून त्याच्या मळ्यात नांदायला आले, हे त्याला पुढं कळलं.

भाद्रपदात सावळीरामची बकरी बांध ओलांडून कुसाबाईच्या मळ्यात शिरली आणि तोंडात झेंडूची माळ घेऊन परत आली. माळेत बेलाचं पान होतं आणि पानावर भंडारा. सावळीराम ती माळ घेऊन देवळात गेला. संध्याकाळपर्यंत पाचही पंच, त्यांच्या मागं गाव, आणि गावामागं शेजारच्या वस्तीतली रिकामटेकडी मंडळी, अशी सगळी जत्रा कुसाबाईच्या बांधावर गोळा झाली. गर्दीत देवराम होता. कुणाच्या तरी पागोट्याआड तोंड लपवून उभा.

"वहिनी, देवाच्या अंगावरची फुलं तुम्ही वांग्याच्या बुडाशी टाकता?"

कुसाबाई मळ्याच्या मधोमध अनवाणी उभी होती. सरीतून पाऊल टाकायचं, फुलावर नाही, एवढं पथ्य तिनं पहिल्यापासून पाळलं होतं. "टाकते," ती म्हणाली.

"नदीत सोडायची सोडून?"

"नदीत खाली तुमच्याच म्हशी बसत्यात ना, भाऊजी? माळ व्हाती ती सरळ म्हशीच्या पाठीवर. म्हशीच्या ढुंगणाशी गेलेलं चालतं, आन् जे वांगं देवाच्याच ताटात जायचं, त्याच्या बुडाशी चालत नाय?"

मागं कुणीतरी फिसकन् हसलं. सावळीराम लाल झाला. "ते काय नाय. पंचांचा हुकूम हाय. हे सगळं आत्ताच्या आत्ता उचलायचं."

"उचला," कुसाबाई म्हणाली आणि बाजूला झाली. "या आत."

सावळीरामनं पाय उचलला. खाली पाहिलं. बांधापासून थेट विहिरीपर्यंत माळाच माळा. बाईच्या सवयीच्या पावलांना दिसणारी अरुंद सरी त्याच्या रुंद पायाला कुठून दिसणार? पाय टेकला तर निर्माल्यावर. सगळ्या गावादेखत. त्यानं पाय तसाच अधांतरी धरला, दुसऱ्या पायावर डुगडुगला, आणि मागं घेतला.

"तुम्ही व्हा पुढं," तो एका पंचाला म्हणाला.

"पाटलाचा मान पहिला," पंच म्हणाला.

"या ना," कुसाबाई म्हणाली. "का भ्या वाटतं? मी बाईमाणूस एकटी हाय. तुम्ही सगळं गाव हाय. या की!"

एवढी माणसं ओळीनं उभी, आणि एकाचाही पाय बांधाखाली उतरेना. वांग्याच्या मळ्याला असं कुंपण जगात कुणी घातलं नसेल. शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या पंचाला आठवलं, की निर्माल्याला हात लावायचा अधिकार एका माणसाला आहे. सगळ्यांच्या माना देवरामकडं वळल्या.

"गुरवा, उतर खाली. सगळं गोळा कर आन् नदीत नेऊन सोड. नायतर उद्यापासून देवळाची पायरी चढू नको."

देवराम पुढं आला. त्यानं कुसाबाईकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच ती त्याला काही सांगत नव्हती. मग त्यानं मळ्याकडं पाहिलं. वीतभर थर, बांधापासून विहिरीपर्यंत. ते सगळं पाट्यांत भरायचं, डोक्यावर घ्यायचं, नदीपर्यंत न्यायचं, रिकामी पाटी घेऊन चढ चढायचा, पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. आणि या नुसत्या कल्पनेनं त्या भित्र्या माणसाच्या अंगात असं धैर्य संचारलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नाय उचलता येणार," तो म्हणाला.

"काय?"

"निर्माल्याचं ईसर्जन झालंय." त्याचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "देवाच्या अंगावरचं उतरवलं, हात जोडले आन् सोडलं. पाण्यात नाय, मातीत सोडलं. ईसर्जन ते ईसर्जन. एकदा सोडलेलं पुन्हा भायेर काढत्यात का? तुम्ही गणपती बुडवून दुसऱ्या दिशी काढून आणता का, पाटील?"

गणपती विसर्जनाला जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळं उदाहरण सगळ्यांना नीट दिसलं.

"तसं पाह्यलं तर," म्हातारा पंच म्हणाला, "गुरव म्हणतो त्यात काय तरी हाय."

"काय तरी काय हाय?" सावळीराम ओरडला.

"ते मला नाय सांगता येत. पण काढलेला गणपती मी तरी पाह्यला नाय."

लोक पांगले. देवराम तिथंच बांधावर बसला. कुसाबाईनं आतून त्याच्याकडं एक कोवळं वांगं फेकलं. चातुर्मास होता, खाता येईना, टाकता येईना. तो ते हातात धरून बसून राहिला.

"बरं बोललास," ती म्हणाली. "जरा चिरकलास. पण बरं बोललास."

मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सकाळी पंच पुन्हा बांधावर आले. या वेळी तपासायला. कुसाबाईनं त्यांच्यापुढं एक झाड विहिरीपलीकडच्या कडेचं उपटलं, जिथवर माळा पोचल्याच नव्हत्या. त्याच्या मुळांना गाठींच्या गाठी. मग दुसरं मधलं उपटलं. त्यालाही गाठी होत्या, नाही असं नाही. पण तुरळक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि बाकी मुळं पांढरी. सावळीराम म्हणाला, "बघा, गाठी हायेतच!"

"हायेत," कुसाबाई म्हणाली. "तुमच्यासारख्या हायेत. असतील एका कडंला. पीक येतंय ना?"

पीक आलं होतं. सगळ्या तुकड्यात नाही, पण पाटी भरून वर रास झाली एवढं. हिरवी, पांढऱ्या रेघांची, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी वांगी. सावळीरामनं त्याच्या चकचकीत वाफ्यातून आणलेली वांगी पंचांना दाखवलीच नाहीत. ती त्याच्या उपरण्यात मावत होती.

संबळ वाजला. ठेंगणी कुसाबाई पाटीखाली आणखी ठेंगणी झाली. लांबून नुसती वांग्यांची रासच चालत येते आहे असं दिसत होतं. सावळीराम वाटेच्या मधोमध उभा होता. ती त्याच्यापुढं येऊन थांबली. वळसा घालून गेली नाही.

"वाट द्या, भाऊजी."

त्यानं दिली. देवरामनं पायरीवर उभं राहून मूठभर भंडारा उधळला, इतका, की पाटी, बाई आणि पाटील तिन्ही पिवळे झाले. त्या दिवशी गावानं भरीत पोटभर खाल्लं. सावळीरामनं दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या वर्षी चंपाषष्ठीला आसपासच्या गावांतून एवढी माणसं आली, की एका पाटीत भागेना. पंचांनी नाशिकच्या बाजारातून गाडीभर वांगी आणली, देवानंही ती चालवून घेतली, आणि मानाची पाटी बंद झाली. पाटी नाही तर पापही नाही, असं म्हणून कुसाबाईनं त्या तुकड्यात कांदा लावला.